कंपूबाची खोळ

केज-धारूर रस्त्याला आवळदऱ्याच्या फाट्यावर कमरेएवढा एक दगड उभा आहे. त्याचं नाव कंपूबा. जीपवाले त्याला हॉर्न देऊन पुढं जातात, एसटीतल्या बाया बसल्या जागी हात जोडतात, आणि हा देव कुठला असं विचारलं तर आवळदऱ्यात एकच उत्तर मिळतं, की पहिल्यापासून आहे. हे काही खरं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी निजामाच्या फौजेतली खेचरांची एक तुकडी त्या माळावर चार महिने तळ ठोकून होती. लोक त्या तळाला कंपू म्हणत. फौज गेली आणि जाताना रस्त्याच्या कडेला एक कोरलेला दगड रोवून गेली. पुढं कुणीतरी त्याला शेंदूर लावला. उभा दगड दिसला आणि त्याला शेंदूर लागला नाही, असं आपल्याकडं फार दिवस चालत नाही.

मग ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांनी त्याला आपला करून टाकलं. दसरा झाला की गावात ट्रक लागायचे. चढण्याआधी प्रत्येक जोडपं कंपूबापुढं कोयता ठेवायचं, तेलात कालवलेल्या शेंदराचा एक हात त्याच्यावर फिरवायचं आणि सहा महिने हातापायाला धक्का लागू देऊ नको असं सांगायचं. दरसाल शंभर-दीडशे हात, आणि अशी साठ-सत्तर वर्षं. दगड फुगून रांजणासारखा झाला. आत काय कोरलंय ते डोळ्यांनी बघितलेलं माणूस गावात उरलं नाही.

मनकर्णाला ते वाचून घ्यायचं होतं. ती साठी ओलांडलेली बाई. उसाच्या मोळ्या वाहून पाठ कामातून गेलेली. आणि अक्षर म्हणाल तर तिच्या ओळखीचं एकही नव्हतं. तरी गेली चाळीस वर्षं त्या दगडापुढून जाताना ती हात जोडायची नाही. उभी राहून नुसती बघायची.

त्याचं कारण होतं तिच्या नवऱ्याचा, शहादेवचा आजा. त्याचं नाव धुळाजी. तो कंपूत पाणी भरायचा. दऱ्यातल्या झऱ्यावर कातडी पखाल भरायची आणि पाठीवर घेऊन माळ चढायचा. एका उन्हाळ्यात कंपूत पटकीची साथ आली. गावानं माळाकडची वाट काटे टाकून बंद केली. धुळाजी पखाल घेऊन गेला तो परत आलाच नाही. काही दिवसांनी फौज हलली, आणि त्याच गडबडीत फौजेची दोन खेचरं नाहीशी झाली. तालुक्याचा शिपाई चौकशीला आला तेव्हा गावानं डोक्याला फारसा ताप करून घेतला नाही. धुळाजी दिसत नाही, खेचरंही दिसत नाहीत, म्हणजे धुळाजीनंच ती पळवली. त्या दिवसापासून ते घर खेचरचोराचं घर झालं.

हे नाव असं चिकटलं की घासून जाईना. शाळेत शहादेवला पोरं त्याच नावानं हाक मारायची. उसाच्या फडात पाचट जाळण्यावरून भांडण झालं की शेवटी तोच शब्द यायचा. पोराच्या सोयरिकीच्या वेळी मुलीच्या मामानं हसत हसत विचारलं होतं, खेचरं अजून आहेत का दावणीला. सगळे हसले. शहादेवही हसला. मनकर्णा त्या दिवशी जेवली नाही.

धुळाजीची बायको रतनबाई नव्वदीपर्यंत जगली. तिचं हगणंमुतणं मनकर्णानंच काढलं. म्हातारी एकच गोष्ट धरून बसली होती. फौज निघाली त्या दिवशी एक हवालदार पाणक्याचं घर विचारत तिच्या दारात आला, तिला दगडापाशी घेऊन गेला आणि खालच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, हा तुझा माणूस. म्हणजे त्याचं नाव दगडावर आहे. गावाला ते माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायची कुणाला गरजही नाही. मनकर्णानं हे हजार वेळा ऐकलं. शहादेव ऐकायचा आणि जाऊ दे म्हणायचा. त्या माणसानं आयुष्यात इतक्या गोष्टी जाऊ दिल्या होत्या, की मी तेवढी घरात राहिले हेच नवल, असं मनकर्णा चिडली की म्हणायची.

तर यंदा रस्ता रुंद व्हायचा होता. कंत्राटदाराच्या माणसानं सांगितलं, सोमवारी मशीन येईल, दगड त्याआधी काढून घ्या. गावाला काळजी पडली नाही, कारण राधाकिशन आबांनी सगळं ठरवून टाकलं होतं. आबा म्हणजे गावातले सगळ्यांत मोठे जमीनदार, दोनदा सरपंच झालेले. माणूस वाईट नव्हता. गावात काही व्हायचं ते आपल्या हातून व्हावं एवढाच त्यांचा आग्रह असायचा, आणि तो लहानपणापासून कुणी मोडलेला नव्हता. त्यांनी रस्त्यापलीकडं आपल्या रानाच्या कोपऱ्यात मंदिर बांधायला घेतलं होतं. चबुतरा तयार होता. रविवारी क्रेननं कंपूबा उचलायचा, चबुतऱ्यात निम्मा सिमेंटमध्ये बसवायचा, वर चांदीचा मुखवटा चढवायचा आणि भोवती फरशी लावायची, असा बेत होता.

म्हणजे खालची ओळ सिमेंटमध्ये जाणार होती. मनकर्णाला हे शुक्रवारी दुपारी कळलं. त्या दिवशी संध्याकाळी मारुतीच्या पारावर बैठक होती. बायका पाराच्या खाली बसल्या होत्या, तिथून ती उठली आणि म्हणाली की देव जागचा हलवायच्या आधी त्याची खोळ उतरवायला पाहिजे.

खोळ म्हणजे शेंदराचा थर. तो वाढत वाढत देवाच्या अंगावर चिलखतासारखा होतो. कधी आपोआप सुटतो, तेव्हा देवानं खोळ टाकली म्हणतात आणि ती वाजतगाजत नदीत सोडतात. पण मुद्दाम उतरवायची म्हणजे लोकांच्या अंगावर काटा येतो. सगळ्यांनी अभिमन्यू गुरवाकडं बघितलं. गुरव मनगट खाजवत राहिला. त्याचा आबांवरही जीव होता आणि मंदिराच्या पुजारीपणावरही होता. पण देवाच्या बाबतीत त्याला खोटं बोलता येत नसे. तो म्हणाला की बाई बरोबर बोलते. धरणाच्या पाण्यात गेलेल्या गावातला मारुती वर आणला, तेव्हा त्याच्या बापानं आधी खोळ उतरवली होती. खोळीसकट देव उचलायचा नसतो.

आबांना हे आवडलं नाही. ते म्हणाले, रविवारी दुपारी टोळ्या निघणार. निघायच्या दिवशी देवाचं अंग खरवडायचं आणि पुढं कुणाच्या बोटाला कोयता लागला, कुणी ट्रॉलीखाली आलं, तर त्याला जबाबदार कोण? बायकांच्या माना हलल्या. हा प्रश्न पोकळ नव्हता. मागच्या साली याच गावची एक पोरगी ट्रॅक्टरखाली गेली होती, आणि तिचा बाप पाराच्या टोकाला मान खाली घालून बसला होता.

मनकर्णानं त्या बापाकडं बघितलं आणि मग आबांकडं.

"पैला हात मी लावते," ती म्हणाली. "माझा सत्यम आन् मनिषा त्याच ट्रकात जायले, आबा. काय कोपायचं ते माझ्या घरावर कोपू दे. तुमच्या कुणावर न्हाई."

असं बोलून बसलेल्या बाईशी वाद घालायचा म्हणजे तिच्या पोरावर संकट यावं असं म्हणण्यासारखं होतं. आबांनी घड्याळ बघितलं आणि बारा वाजेपर्यंत काय ते उरका म्हणाले.

घरी आल्यावर मात्र वादळ झालं. सून मनिषा रडायला लागली. म्हणाली, आई, तुम्ही आमच्या दोघांचा जीव पणाला लावला, आणि तेही मला न विचारता. विचारलं असतं तर मनिषा नाही म्हणाली असती, आणि म्हणूनच मनकर्णानं विचारलं नव्हतं. हे तिनं तसंच सांगून टाकलं. शहादेव भाकरी मोडत म्हणाला की अजून वेळ आहे, आबांना सांगून येऊ, बाई बोलून गेली म्हणून. मनकर्णा म्हणाली, मी बोलून गेले नाही, मी बोलले. रात्री अंथरुणात तिला भीती वाटली, खरी भीती. देवाची नव्हे. दगडावर काहीच निघालं नाही तर, ही भीती.

रविवारी सकाळी फाट्यावर अख्खं गाव लोटलं. दोन ट्रक भांडीकुंडी, गोधड्या आणि कोंबड्यांची डालगी भरून उभे होते. गुरवानं हळद-कुंकू वाहिलं, देवाची माफी मागितली आणि बाजूला सरला. मनकर्णा चुलीवर कढत केलेलं तेल घेऊन आली होती. ती खाली बसणार, तेवढ्यात मागून मनिषानं तिच्या हातातलं पातेलं घेतलं. तिचे डोळे सुजलेले होते. ती म्हणाली, तुम्ही ठोका, तेल मी लावते. तिनं फडकं तेलात बुडवून देवाच्या अंगाला लावलं, आणि मनकर्णानं लाकडी पाचर लावून पहिला ठोका दिला.

सत्तर वर्षांचा शेंदूर असा सहज निघत नाही. वरचा थर लोण्यासारखा सुटला, पण आतला वाळून दगडापेक्षा कठीण झालेला. तासभर दोघी सासू-सुना तेल लावत, थांबत, ठोकत राहिल्या. मग एक एक ढलपी सुटायला लागली. ढलप्यांत जुनी नाणी निघाली, तुटलेली बांगडी निघाली, एक चांदीचा डोळा निघाला. प्रत्येक ढलपी गुरव नव्या लुगड्यात गोळा करत होता. हळूहळू एकेक बाई पदर खोचून पुढं आली. अकराच्या सुमाराला समोरची अख्खी बाजू एकदम सुटली आणि लुगड्यात पडली. खाली काळाभोर, घोटीव दगड होता. आणि त्यावर अक्षरं होती. वरपासून खालपर्यंत, ओळीनं.

मनकर्णाच्या तोंडून हुंदका निघाला. पण बाकीचे सगळे कपाळाला आठ्या घालून दगडाकडं वाकले होते. ती सगळ्यांच्या तोंडाकडं बघायला लागली. तिला सगळीच अक्षरं सारखी, त्यामुळं काय झालं ते तिला कळेना. शेवटी एक पोरगा म्हणाला, ही तर उर्दू आहे.

मग कुजबूज सुरू झाली. कुणी म्हणालं, ही कबर तर नव्हे? एका म्हातारीनं शेंदरानं भरलेले हात बघितले आणि विचारलं, मग आपण एवढी वर्षं कुणाला शेंदूर लावत होतो? गुरव लुगड्याची गाठ मारत होता. तो मान वर न करता म्हणाला, जी काय पुण्याई होती ती पोचली असेल, तुम्ही लावायची ती लावली. पण आबा पुढं आले. त्यांचा चेहरा उतरला होता. मंदिराच्या उद्घाटनाच्या पत्रिका छापून झाल्या होत्या आणि आता हे. त्यांनी गुरवाला सांगितलं, ताबडतोब नवा शेंदूर चढव, बघितलं तेवढं पुरे, ह्याची गावाबाहेर वाच्यता नको.

मनकर्णा दगडापुढं उभी राहिली. पाठ दुखत होती तरी ताठ उभी राहिली.

"आबा, दोन वर्सामागं कुणबी नोंद काढायला तुमी तुमच्या आज्याचा कागुद केजला नेलता," ती म्हणाली. "त्यो कंच्या अक्षरात व्हता?"

त्या साली अख्खा तालुका निजामाच्या काळातली कागदं घेऊन धावत होता, आणि ती सगळी उर्दूत किंवा मोडीत. केजमध्ये खाजामियाँ नावाचे एक म्हातारे होते. तहसीलच्या जुन्या दप्तरात त्यांची नोकरी झालेली. त्यांच्या दारात सकाळपासून रांग लागायची. आवळदऱ्यातल्या निम्म्या घरांनी आपले आजे-पणजे त्यांच्या चष्म्यातून बघितले होते. आबांनी तर त्यांना स्वतःच्या गाडीतून घरी आणून जेवू घातलं होतं.

"त्याच चाचांना बोलवा," मनकर्णा म्हणाली. "तुमच्या घरचं वाचलेलं चालतंय, तर माझ्या घरचंबी चालू द्या."

गर्दीत कुणीतरी हसलं, आणि त्या हसण्यानंच निकाल लागला. आबांचा पोरगा अमरसिंह मोटारसायकल घेऊन केजला गेला. टोळ्यांच्या मुकादमानं ट्रकवाल्यांना थोडं थांबायला सांगितलं. क्रेनवाला क्रेनच्याच सावलीत आडवा झाला.

खाजामियाँ आले तेव्हा एक वाजून गेला होता, आणि अमरसिंहनं वाटेत त्यांना सगळं सांगितलं होतं. पंचाहत्तरीचे, हडकुळे, डोक्यावर जाळीची टोपी. त्यांनी कोरडा पंचा मागून घेतला, दगड पुसला, चष्मा चढवला आणि दगडापुढं उकिडवे बसले. पहिल्या ओळीवर बोट ठेवून त्यांचे ओठ हलत राहिले. बोट खाली खाली सरकत गेलं. शेवटच्या ओळींपाशी ते थांबलं, आणि तिथंच बराच वेळ राहिलं.

त्यांनी मनकर्णाला हातानं जवळ बोलावलं. ती वाकली. तुमच्या आजेसासऱ्याचं नाव काय, त्यांनी हळू आवाजात विचारलं. धुळाजी, ती म्हणाली. त्यांनी चष्मा काढला, पंच्यानं पुसला, पुन्हा घातला.

"नाव न्हाई, बाई," ते तिला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाले. "पाणक्या लिव्हलंय. नाव मालूम न्हाई असं लिव्हलंय." मग, तिच्याकडं न बघता, ते म्हणाले, "पण इथं वाचणारा मी एकलाच हाय."

तिला कळलं. ते काय देऊ करत होते ते तिला पुरतं कळलं. एक शब्द. त्यांनी तो ओळीत घालून मोठ्यानं वाचला असता तर आवळदऱ्यात कुणाची हिंमत झाली नसती नाही म्हणायची. रतनबाईचं म्हणणं खरं ठरलं असतं. हवालदारानं बोट ठेवलं ते ह्याच ओळीवर, आणि बिचारीला वाटलं नवऱ्याचं नावच आहे. मनकर्णाच्या मनात त्या म्हाताऱ्या माणसाबद्दल इतकी माया दाटून आली की तिला त्याचे पाय धरावेसे वाटले. पण तिच्या घरावरचं खेचरांचं किटाळ असंच आलं होतं. कुणीतरी न बघता एक गोष्ट सांगितली, आणि बाकीच्यांनी ती खरी धरली.

"जे हाय तेवढंच वाचा, चाचा," ती म्हणाली. "मोठ्यानं वाचा."

खाजामियाँ उभे राहिले. त्यांनी ओळ ओळ उर्दूत वाचली आणि प्रत्येक ओळीचं मराठी करून सांगितलं. फसली तेराशे बावन्न, म्हणजे त्रेचाळीस साल. लढाईच्या काळात ह्या माळावर खेचरांच्या तुकडीचा मुक्काम होता. इथं पटकीनं वारलेल्यांची ही नावं. शेख बुऱ्हान, सय्यद मस्तान, गंगाराम नरसिंगा, लिंबाजी राणू. अशी नऊ नावं. काही मुसलमानांची, काही हिंदूंची, तशी एकाखाली एक. मग त्यांचं बोट शेवटच्या ओळींवर आलं.

"आन् मौजे आवळदरा हितला एक पाणक्या," ते म्हणाले. "नाव मालूम न्हाई. सगळे दूर पळाले तवा ह्यो शेवटच्या दिवसापतुर पाणी आणत राह्यला. बाकीच्यांच्या शेजारीच त्याला ठेवलाय."

गाव पटकीला भिऊन दारं लावून बसलं होतं, ही गोष्ट सगळ्यांनाच आपापल्या आजीकडून ठाऊक होती. ती अशी दगडावर कोरलेली असेल हे कुणाला ठाऊक नव्हतं.

आबांनी घसा साफ केला. ते म्हणाले की चांगली गोष्ट आहे, गावाचं नाव निघालं, आनंद आहे. पण माणसाचं नाव नाही, तेव्हा तो धुळाजीच कशावरून? कुणीही असेल.

मनकर्णानं पदरानं तोंड पुसलं आणि गर्दीकडं वळली.

"आवळदऱ्याचा पाणक्या हाय," ती म्हणाली. "पाणी घिऊन गेला आन् परत आला न्हाई. ज्याच्या घरचा आसंल त्यानं म्होरं यावं. आमी मागं सरकतो."

ती खरंच दोन पावलं मागं सरकली. दगडापुढची जागा मोकळी झाली. ती एकेका घराकडं बघत गेली. गुरवाच्या, वाण्याच्या, खालच्या आळीतल्या लोकांच्या, आबांच्या. कुणी हललं नाही. जो तो आपल्या पायांकडं बघत होता. तिनं घाई केली नाही. चाळीस वर्षं थांबलेल्या बाईला आणखी थोडं थांबायला जड नव्हतं.

मग गर्दीच्या मागच्या टोकाला हालचाल झाली. शहादेव पुढं येत होता. तो सकाळपासून ट्रकच्या आडोशाला उभा होता, कुणाच्या नजरेत न येता, जसा तो सगळीकडं उभा असायचा. त्या मोकळ्या जागेत येऊन तो थांबला.

"माझा आजा हाय," तो म्हणाला. "धुळाजी त्याचं नाव."

एवढं बोलून तो वळला आणि गावाच्या वाटेला लागला. मनकर्णाला वाटलं, गेला. बोलायचं ते बोलून पुन्हा तोंड लपवायला गेला. तिला त्याचा राग आला नाही. जेवढं बोलला तेवढंच त्याच्या जन्माला पुरे होतं. पण पाव तासानं तो परत आला तेव्हा त्याच्या हातात छिन्नी आणि हातोडा होता. उसाच्या हंगामाबाहेर त्यानं वीस वर्षं विहिरींच्या कामावर काळा दगड फोडला होता. दगडापुढं मांडी घालून बसत तो खाजामियाँना म्हणाला की त्याच अक्षरांत लिहून द्या.

आबा म्हणाले, अहो, असं कसं, सरकारी दगड आहे, उद्या कुणीही उठून आपल्या आज्याचं नाव घालील. शहादेवनं वर बघितलं नाही.

"ज्याचा आजा हितं मेला त्यानं घालावं," तो म्हणाला. "लई जागा हाय."

खाजामियाँनी चुलीतला कोळसा मागवला. पाणक्याच्या ओळीखाली, दगडाच्या मोकळ्या भागावर, त्यांनी सावकाश नाव लिहिलं. शहादेवनं छिन्नी डाव्या टोकाला लावली, तेव्हा त्यांनी त्याचा हात धरून उजव्या टोकाला नेला. पहिला घाव पडला आणि मनकर्णा त्याच्या शेजारी बसली. ती ओल्या फडक्यानं दगडाची पूड पुसत होती. सत्यम ट्रकमधून उतरून बापाच्या मागं येऊन उभा राहिला, सावली पडावी म्हणून.

दोन वाजता पुढच्या ट्रकनं हॉर्न दिला. रात्रीच्या आत कारखान्यावर पोचायचं होतं. मुकादम अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालायला लागला. दुसरा हॉर्न वाजला तेव्हा राधाकिशन आबा ट्रककडं चालत गेले आणि ड्रायव्हरला गाडी बंद करायला सांगून आले. येताना त्यांनी गुरवाला विचारलं की आता शेंदराचं काय करायचं. लोक कोयते घेऊन खोळंबलेत. मनकर्णा मान न वळवता म्हणाली, शेंदूर पाठीला लावा, देवाला काय पुढचं अन् मागचं. आबांना हसू आलं. मुखवटा चढवायला जागा राहिली नव्हती, आणि चबुतऱ्याचं सिमेंट पार बुडापर्यंत खाली घ्यावं लागणार होतं, म्हणजे शेवटची ओळही वर राहील. हे त्यांनी गवंड्याला बोलावून स्वतःच सांगितलं.

काळा दगड फार कठीण. शहादेवच्या कपाळावरून घाम दगडावर पडत होता. बायका-पुरुष दगडाच्या मागच्या बाजूनं येत होते, कोयता ठेवत होते, पाठीला शेंदराचा हात फिरवत होते आणि मग पुढं येऊन त्याचं काम बघत उभे राहत होते. ट्रकमध्ये परत कुणी चढेना. साडेतीनला त्यानं छिन्नी खाली ठेवली. बोटं आखडली होती, ती उघडेनात. मनकर्णानं ओल्या फडक्यानं ती जागा पुसली. अक्षरं वाकडीतिकडी आली होती. वरच्या ओळींसारखी सुबक नव्हती. पण खोल होती.

"वाचा, चाचा," ती म्हणाली. "वरून घ्या."

खाजामियाँनी सन वाचलं, माळ वाचला, नऊ नावं वाचली, पाणक्याची ओळ वाचली. मग त्यांनी खालच्या ताज्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि ते नाव वाचलं. शहादेव दगडाला धरून उठला होता. तो दोन्ही हातांनी तोंड झाकून उभा राहिला आणि त्याचे खांदे हलायला लागले. मनकर्णा रडली नाही. तिनं गर्दीत नजर फिरवली, सगळे ऐकतायत का ते बघितलं, आणि पाठीमागं उभ्या असलेल्यांना जवळ यायला सांगितलं.

"आजून एकदा वाचा," ती म्हणाली.